डिस्क दिसत नाही म्हणजे डिस्क गेली असं नाही

(सुलतानपूर, ता. लोणार येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो ते अण्णा आयुष्यभर गटसचिव होते. पीककर्जाची खाती, वसुली, बाकी, व्याज, सगळं त्यांनी शाईच्या पेनानं लिहून ठेवलं. त्यांच्या हाताखाली काम शिकलेली माणसं आज समोर बसलेली आहेत. ती सांगतात, की कीर्द जुळली नाही तर अण्णा कुणाला पान खोडू देत नसत. आधी फरक कुठे आहे तो शोधा, मग लेखणी उचला, असा त्यांचा दंडक होता. आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मला तो दंडक आठवला. अण्णांची कीर्द आज सर्व्हरमध्ये आहे. तो सर्व्हर एखाद्या सकाळी म्हणाला, की माझ्यात डिस्कच नाहीत, तर त्या सकाळी आपण काय करायचं, एवढ्याच प्रश्नावर मी बोलणार आहे. विषय रुक्ष वाटेल, पण आपल्या ठेवी त्यात अडकलेल्या आहेत.

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" हे वाक्य इथल्या प्रत्येकानं ऐकलेलं आहे. तलाठी कार्यालयात ऐकलं, सेतू केंद्रात ऐकलं, रेशन दुकानात ऐकलं. तिथला सर्व्हर बहुतेक वेळा दूर कुठेतरी असतो, त्याला आपण हात लावू शकत नाही. मी बोलतोय तो आपल्याच इमारतीतला सर्व्हर. पतसंस्थेच्या मागच्या खोलीत, शाळेच्या कार्यालयात, दवाखान्यात, जिनिंगच्या ऑफिसात टेबलाखाली किंवा लोखंडी कपाटाशेजारी ठेवलेला. तो सहसा जुना असतो. मोठ्या शहरातल्या कंपन्या तीन-पाच वर्षांत यंत्रं बदलतात, त्यांची काढलेली यंत्रं दुरुस्त होऊन पुन्हा विकली जातात आणि आपल्याकडच्या संस्था ती घेतात. त्यात काही चूक नाही. मजबूत यंत्र कमी पैशात मिळतं. दहा-बारा वर्षांचा सर्व्हर माझ्या कामात रोज भेटतो, आणि नीट ठेवला तर तो चालतो.

पण वय झालेल्या यंत्राची एक तक्रार ठरलेली असते. चालू केलं, पंखे जोरात फिरले, पडद्यावर अक्षरं आली आणि मधेच इंग्रजीत एक ओळ थांबली. तिचा अर्थ असा, की तुमच्या आधीच्या मांडणीतल्या सगळ्या डिस्का गेलेल्या आहेत. ती ओळ वाचून भल्याभल्यांचे हातपाय गळतात. मात्र त्या ओळीच्या पुढे याच संदेशात आणखी एक वाक्य असतं, ते कुणी वाचत नाही. ते सांगतं, की हे अनपेक्षित असेल तर यंत्र बंद करा आणि सगळ्या डिस्का आहेत ना, यासाठी केबली तपासा. म्हणजे ज्यांनी हा संदेश देणारं कार्ड बनवलं त्यांनाच ठाऊक होतं, की हे संकट आलं तर बऱ्याचदा डिस्क जागेवर असते आणि वाट तुटलेली असते.

ही वाट समजून घेऊ. डिस्क एका खणात बसते. खणाच्या मागे एक उभी पट्टी असते, तिला बॅकप्लेन म्हणतात. डिस्कला वीज तिथून मिळते आणि माहितीही तिथूनच ये-जा करते. त्या पट्टीपासून एक केबल रेड कार्डाकडे, म्हणजे अनेक डिस्का एका गटात बांधून चालवणाऱ्या कार्डाकडे जाते. एकाच जाड केबलमधून चार डिस्कांची माहिती जाऊ शकते, हे लक्षात ठेवा. कार्डावर स्वतःची थोडी स्मृती असते, स्वतःची बॅटरी असते, स्वतःची आज्ञावली असते. कार्ड मदरबोर्डच्या खाचेत बसतं. मदरबोर्डचं बायोस त्याला ओळखतं. त्यानंतर विंडोज किंवा लिनक्स येतं आणि त्याच्याकडे त्या कार्डासाठी ड्रायव्हर असावा लागतो. यातली कुठलीही एक जागा निखळली, की वरचा माणूस म्हणतो, डिस्क नाही. डिस्क बिचारी जिथे होती तिथेच असते.

हे फक्त आपल्याकडच्या जुन्या यंत्रांचं होतं असं समजू नका. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी बंद करावे लागले. ते दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले आणि त्या दिवशी बाजार पाच वाजेपर्यंत चालवावा लागला. बाजारानं नंतर दिलेला खुलासा सर्वांनी वाचण्यासारखा आहे. मुख्य केंद्र आणि जवळचं पर्यायी केंद्र यांना जोडणाऱ्या दोन दूरसंचार कंपन्यांच्या लाइनी बिघडल्या. रस्त्यालगतचं खोदकाम आणि बांधकाम हे त्याचं कारण सांगितलं गेलं. त्या गडबडीत माहिती साठवणारी यंत्रणा अनपेक्षित वागली आणि सर्व्हरांना ती दिसेनाशी झाली. जोखीम सांभाळणारी व्यवस्था त्यामुळे थांबली, आणि तिच्याशिवाय बाजार चालवता येत नाही. देशातला सर्वात मोठा बाजार, पैशाची कमतरता नाही, माणसं निष्णात. तरीही घडलं ते हेच, सर्व्हर शाबूत होते आणि साठा त्यांना दिसत नव्हता.

आता आपल्या भागातला एक प्रसंग सांगतो. संस्थेचं नाव घेत नाही, घेण्याची गरजही नाही. मृगाचे दिवस, रात्रभर विजा, लाइट येऊन जाऊन होती. सकाळी पतसंस्थेचा सर्व्हर तो संदेश दाखवून उभा राहिला. तिथे काम करणाऱ्या ऑपरेटर मुलीनं मला फोन केला. "सर, सगळ्या डिस्का गेल्या म्हणते जी, काही दाबू का?" मी म्हटलं, काहीही दाबू नको, पडद्याचा फोटो काढ आणि यंत्र बंद कर. मी पोहोचेपर्यंत तिला कुणीतरी फोनवर सल्ला दिला होता, की सेटिंगमध्ये जा, नवीन व्हर्च्युअल डिस्क तयार कर, लगेच चालू होईल. तिनं ऐकलं नाही. त्या मुलीचं मला मनापासून कौतुक वाटतं. डिस्का दिसत असताना असा सल्ला मानला तर यंत्र खरंच चालू होतं, फक्त कोरं. नवीन मांडणी करून तिची सुरुवातीची सफाई चालवली, की जुन्या मजकुरावर शून्यं लिहिली जातात. त्यानंतर कुठलीही प्रयोगशाळा तो मजकूर परत देऊ शकत नाही.

मी पोहोचल्यावर विजेच्या दोन्ही वायरी भिंतीतून काढल्या, बटण दाबून उरलीसुरली वीज उतरू दिली, मग झाकण उघडलं. आत सरकीच्या बारीक तंतूंचा आणि धुळीचा थर होता. कार्ड काढून पुन्हा बसवलं, केबल दोन्ही टोकांनी काढून पुन्हा लावली. पुन्हा तोच संदेश. मग एक साधी गोष्ट केली, जी कुठल्याही अवजाराशिवाय करता येते. यंत्र चालू असताना डिस्कच्या खणावर हाताचा तळवा ठेवला. मिनिटाला सात हजार किंवा पंधरा हजार फेऱ्या घेणारी डिस्क फिरत असेल तर तळव्याला सूक्ष्म थरथर लागते. त्या यंत्रात तीन डिस्का होत्या, आणि तिन्ही खण थंड आणि स्तब्ध होते. डिस्का फिरतच नव्हत्या, म्हणजे माहितीची केबल आणि कार्ड यांच्यावरचा संशय मागे पडला आणि विजेकडे बोट गेलं. बॅकप्लेनला वीज देणारा पांढरा प्लग काढला. त्यातल्या एका भोकाची कड तांबूस-तपकिरी झाली होती. बारा व्होल्टच्या पिनेची पकड वर्षानुवर्षं गरम होऊन सैल पडली होती, आणि रात्रीच्या बंद-चालूत तिनं मान टाकली. डिस्क फिरायला सुरुवात करते त्या काही सेकंदांत तिला सर्वात जास्त वीज लागते, चालू असताना लागते त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे सैल पिन आधीपासून असली तरी यंत्र अखंड चालू असेपर्यंत कळत नाही. पुन्हा चालू करताना कळतं. भंगारात निघालेल्या त्याच मॉडेलच्या यंत्रातून वायरचा तो तुकडा मिळाला आणि डिस्का एकापाठोपाठ एक फिरू लागल्या.

काम मात्र इथे संपलं नाही, आणि मला वाटतं खरं नाजूक काम इथूनच सुरू होतं. डिस्का परत आल्यावर कार्ड म्हणालं, या परक्या मांडणीच्या डिस्का आहेत, आत घेऊ की पुसू? प्रत्येक डिस्कवर कार्डानं एका कोपऱ्यात मांडणी लिहून ठेवलेली असते, कोणती डिस्क कोणत्या गटातली, कितव्या क्रमांकाची. कार्डाच्या स्वतःच्या स्मरणात आणि डिस्कवरच्या नोंदीत तफावत आली, की ते डिस्कला परकी म्हणतं. पडद्यावर आत घेण्याचा आणि पुसण्याचा, असे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी असतात. पुसण्याचा पर्याय निवडला तर मजकूर लगेच जात नाही, पण तो कसा मांडला होता याची नोंद जाते, आणि मग पुढचा प्रत्येक माणूस अंधारात चाचपडतो.

त्या तीन डिस्कांची रेड ५ मांडणी होती. ती कशी चालते हे अण्णांच्या भाषेत सांगता येईल. दोन वह्यांत आकडे लिहिले आणि तिसऱ्या वहीत प्रत्येक ओळीची बेरीज लिहिली, तर तिन्हींपैकी कुठलीही एक वही हरवली तरी उरलेल्या दोघींवरून ती पुन्हा लिहिता येते. दोन हरवल्या तर नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली हा विचार निबंधातून मांडला: एक महागडी डिस्क घेण्यापेक्षा अनेक स्वस्त डिस्का एकत्र बांधा, आणि त्यातली एखादी जाणार हे धरूनच चाला. त्याच १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. बाजारात मिळणारे अनेक लहान प्रक्रियक एकत्र जुंपून महासंगणक करायचा, ही त्यामागची कल्पना. त्या कामाचं नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. एकाच काळात दोन खंडांवर माणसं एकाच दिशेनं विचार करत होती, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

तर त्या पतसंस्थेत तीन वह्यांपैकी एक शिळी होती. एक डिस्क कित्येक महिन्यांपूर्वीच गटातून बाहेर पडली होती. तिच्या खणावर पिवळा दिवा लागलेला सगळ्यांनी पाहिला होता, पण काम चालू होतं म्हणून कुणी विचारलं नाही. बाहेर पडल्यापासूनच्या नोंदी तिच्यावर नव्हत्या. अशा डिस्कला जबरदस्तीनं आत घेतलं तर जुने आणि नवे आकडे एकमेकांत मिसळतात आणि हिशेब असा बिघडतो, की कुठे बिघडला ते सांगता येत नाही. म्हणून पडद्यावरच्या नोंदी वाचून ती डिस्क बाजूला काढली आणि ताज्या दोन डिस्का आत घेतल्या. गट लंगडत का होईना उभा राहिला. सगळ्यात आधी संपूर्ण मजकूर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतला आणि मगच नवीन तिसरी डिस्क बसवली. हा क्रम उलटा करू नका. नवीन डिस्क भरताना उरलेल्या जुन्या डिस्कांचा कानाकोपरा वाचला जातो, आणि थकलेली डिस्क नेमकी त्या वाचनात दम तोडू शकते.

या प्रसंगातून एक खूण तुम्ही लक्षात ठेवा, तंत्रज्ञ नसलात तरी. एकच डिस्क दिसेनाशी झाली तर संशय डिस्कवर घ्या. सगळ्या एकाच वेळी दिसेनाशा झाल्या तर सगळ्यांत सामायिक काय आहे ते शोधा: वीज, पट्टी, केबल, कार्ड. तीन डिस्का एकाच रात्री ठरवून मरत नाहीत.

याला अपवाद आहे आणि तो सांगितलाच पाहिजे, कारण एकाच दिवशी एकाच खोक्यातून आलेल्या डिस्का आपण बसवतो. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये एचपीई कंपनीनं जाहीर केलं, की तिच्या काही एसएसडी डिस्कांच्या आतल्या आज्ञावलीत दोष आहे आणि त्या चालू राहून ३२,७६८ तास झाले की बंद पडतात. हे तीन वर्षं, २७० दिवस आणि आठ तास होतात. दोनाचा पंधरावा घात म्हणजे हा आकडा. आतलं घड्याळ त्यापुढे मोजू शकत नव्हतं. एकत्र बसवलेल्या डिस्का एकत्रच जाणार, आणि तिथे बेरजेची वही उपयोगी पडत नाही. त्याआधी २००९ च्या जानेवारीत सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ या डिस्कांचं प्रकरण गाजलं होतं. आतल्या एका नोंदीचा आकडा विशिष्ट ठिकाणी असताना वीज जाऊन आली, की डिस्क स्वतःतच अडकून बसायची आणि बायोसला दिसायची नाही. आतला मजकूर धक्का न लागता तसाच असायचा. अशी डिस्क गेली समजून फेकून देणं चूकच ठरलं असतं. म्हणून डिस्क बदलण्यापूर्वी तिचं मॉडेल आणि आज्ञावलीचा क्रमांक लिहून घेऊन कंपनीची सूचना पाहावी.

आणखी काही कारणं जरा भराभर सांगतो, कारण ती जुन्या यंत्रांत वारंवार येतात. मदरबोर्डवर नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. तो संपला, की बायोस आपल्या मूळ मांडणीवर जातं. ज्या यंत्रांत वेगळं रेड कार्ड नसतं, मदरबोर्डवरचीच रेडची सोय वापरलेली असते, तिथे ती सोय बंद होते आणि डिस्का सुट्या सुट्या दिसतात किंवा दिसतच नाहीत. पडद्यावरची तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली दिसली, की आधी सेल पाहा. अशा वेळी बायोसमध्ये जाऊन डिस्कांचा प्रकार पुन्हा रेडवर आणला, की बहुधा सगळं जसंच्या तसं परत येतं. या अवस्थेत कुणी घाईनं विंडोज नव्यानं टाकायला घेतलं तर मात्र गट मोडतो.

नवीन डिस्क जुन्या यंत्रात न दिसण्याची कारणं वेगळी. जुन्या रेड कार्डांपैकी कित्येकांना दोन टेराबाइटच्या पुढचं मोजता येत नाही. पत्ता लिहायला ३२ बिट आणि डिस्कवरचा प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणून हिशेब तिथे थांबतो. तुम्ही चार टेराबाइटची डिस्क आणाल तर ती अर्धीच दिसेल किंवा दिसणारच नाही. डिस्कचा दोष नाही, दुकानदाराचाही नाही. दुसरं कारण तर नव्या लोकांना ठाऊकच नसतं. साटा डिस्कच्या विजेच्या जोडणीतली तिसरी पिन पूर्वी ३.३ व्होल्टसाठी राखलेली होती. नवीन नियमात तिला वेगळं काम दिलं: तिथे व्होल्ट आला तर डिस्कनं बंद राहायचं. जुनी पट्टी तिथे व्होल्ट देतच राहते आणि नवी कोरी डिस्क फिरतच नाही. त्या पिनेवर उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपची बारीक पट्टी चिकटवली, की डिस्क चालू होते. मोठ्या साठवण यंत्रांतून काढलेल्या जुन्या डिस्का अनेकदा ५२० बाइटच्या सेक्टरांनी आखलेल्या असतात. साधं कार्ड त्यांना घेत नाही. त्या नव्यानं ५१२ वर आखाव्या लागतात, आणि त्यात त्यांच्यावरचा सगळा मजकूर जातो.

कधी कार्डाला डिस्का दिसतात, बायोसलाही दिसतात, आणि विंडोज टाकताना मात्र यादी रिकामी येते. तिथे ड्रायव्हर नाही एवढाच अर्थ. विंडोज सर्व्हर २००३ टाकताना सुरुवातीलाच एफ ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागे. आता पेन ड्राइव्हवरून देतात. लिनक्सवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. २०१९ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ नं जुन्या पिढीच्या अनेक रेड कार्डांचा आधार काढून टाकला. कालपर्यंत जे यंत्र सातव्या आवृत्तीवर व्यवस्थित चालत होतं, ते आठवी टाकताच म्हणू लागलं की डिस्क नाही. जुन्या यंत्रावर नवी प्रणाली टाकण्याआधी हे पाहून घ्यायचं काम आपलं आहे.

हे सगळं पुस्तकात मिळेल. पुस्तकात जे मिळणार नाही ते आपल्या हवेचं आणि विजेचं आहे. वऱ्हाडात एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीत पत्र्याखाली ठेवलेला सर्व्हर किती तापतो, हे कंपनीच्या माहितीपत्रकात नसतं. आपल्याकडे लाइट जाणं त्रासाचं आहेच, पण ती परत येताना जो झटका देते तो यंत्राला जास्त खातो. अर्थिंग नीट नसलेल्या इमारती मी असंख्य पाहिल्या. लाख रुपयांचा सर्व्हर आणि अर्थिंगच्या खड्ड्यात वर्षानुवर्षं पाण्याचा थेंब नाही, ही स्थिती बदलायला फार खर्च लागत नाही. यूपीएसच्या बॅटऱ्या फुगलेल्या असतात, कुणी उघडून पाहत नाही. रेड कार्डावरची बॅटरीही म्हातारी होते. वीज गेली तेव्हा जो मजकूर डिस्कवर उतरायचा राहिला, तो त्या बॅटरीवर काही तास, फार तर दोन-तीन दिवस टिकतो. म्हणून असं यंत्र बंद पडल्यावर "पुढच्या आठवड्यात पाहू" म्हणून ठेवून देऊ नये, आणि ते कार्ड उचलून दुसरीकडे लावण्याची घाईही करू नये.

आता दुसरी बाजू. डिस्क खरोखर जाते. ती फिरते, आतून ठराविक अंतरानं टकटक असा आवाज येतो, पुन्हा फिरते, पुन्हा टकटक. हा आवाज आला तर पुन्हा पुन्हा चालू-बंद करून पाहू नका. आतली वाचणारी सुई तबकडीपासून नॅनोमीटरच्या अंतरावर तरंगते. धुळीचा साधा कण त्या अंतरापेक्षा कितीतरी मोठा असतो. म्हणून खोलीत बसून डिस्क उघडणारा माणूस तुमचा मजकूर कायमचा घालवतो, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो. फ्रीजमध्ये ठेवण्याचा जुना उपाय अजून लोक सांगतात. तोही करू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. डिस्क अजून थोडी वाचता येत असेल तर सर्वात आधी तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवावी आणि पुढची सगळी खटपट त्या प्रतीवर करावी. वाचताच येत नसेल तर स्वच्छ खोली असलेल्या प्रयोगशाळेत पाठवावी. खर्च मोठा असतो, आणि तिथेही खात्री कुणी देत नाही.

म्हणून बॅकअपबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. रेड म्हणजे बॅकअप, हा गैरसमज मला प्रत्येक संस्थेत भेटतो. रेडनं एक डिस्क गेल्यावर काम थांबत नाही, एवढंच. चुकून पुसलेलं खातं ती तिन्ही डिस्कांवरून प्रामाणिकपणे पुसते. आग लागली तर तिन्ही एकत्र जळतात. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, माणसं गेली, वरच्या मजल्यांवरच्या अनेक खात्यांच्या फायली जळाल्या, आणि सगळ्या राज्याला कळलं, की एकाच इमारतीत एकच प्रत असणं म्हणजे काय. आपल्या संस्थेची रोजची प्रत त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये जात असेल, तर ती प्रत नव्हे. एक प्रत वेगळ्या डिस्कवर हवी आणि एक वेगळ्या गावात हवी. लोणार किंवा मेहकर इथून लांब नाहीत.

केंद्र सरकारनं २९ जून २०२२ रोजी देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, तेव्हा ती २,५१६ कोटी रुपयांची योजना होती. त्यात हिशेब एका सामायिक प्रणालीवर जातात. चांगली गोष्ट आहे. काही जण मला विचारतात, मग आता गावातला सर्व्हर कशाला सांभाळायचा? माझं मत स्पष्ट आहे. नवा हिशेब तिकडे जाईल, पण मागच्या वर्षांचा तपशील, जुन्या ठेवींच्या नोंदी, वारसांची नोंद, शाळेचं जुनं दाखला रजिस्टर, दवाखान्यातले रुग्णांचे कागद हे कित्येक ठिकाणी अजून त्या जुन्या यंत्रातच आहेत. वाद उठतो तो जुन्या खात्यावरच उठतो. आणि बिगरशेती पतसंस्था, शाळा, दवाखाने हे सगळे त्या योजनेत येतही नाहीत.

इथल्या तरुणांना मला खास सांगायचं आहे. आयटीआय किंवा तंत्रनिकेतनातून शिकून आलेल्या मुलांनी मोबाइल दुरुस्तीबरोबर हे काम शिकावं. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. भंगारातला जुना सर्व्हर थोड्या पैशांत मिळतो. त्यावर रेड बांधा, चालू यंत्रातून एक डिस्क ओढा, पिवळा दिवा लागलेला पाहा, दुसरी डिस्क घालून ती भरताना पाहा. कार्डाच्या पडद्यात शिरण्याच्या कळा वेगवेगळ्या कंपन्यांच्या वेगवेगळ्या असतात, कुठे कंट्रोल आणि आर, कुठे कंट्रोल आणि सी, कुठे एफ ८. त्या पाठ करा. पुसण्याचा आणि आत घेण्याचा पर्याय कुठे आहे हे कोऱ्या यंत्रावर शिकून घ्या, म्हणजे लोकांच्या यंत्रावर हात थरथरणार नाही. संस्थेत जाल तेव्हा पहिलं काम म्हणून प्रत्येक डिस्कवर खणाचा क्रमांक पक्क्या शाईनं लिहा आणि एका वहीत मांडणी उतरवून ठेवा: कार्ड कोणतं, गट कोणता, डिस्का किती, कुठली कधी बदलली. संकटाच्या दिवशी त्या वहीचं एक पान बाहेरच्या तज्ज्ञाच्या अर्ध्या दिवसाचं काम वाचवतं.

आणि सभासदांना माझी विनंती आहे. सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. लाभांशाचा विषय आला, की आपण सगळे हजर असतो. यंदाच्या सभेत उभं राहून संचालक मंडळाला विचारा, की आपला बॅकअप शेवटचा कुठल्या तारखेला दुसऱ्या यंत्रावर उतरवून, उघडून पाहिला. बॅकअप घेतो, हे उत्तर स्वीकारू नका. उघडून पाहिल्याची तारीख मागा. सर्व्हरवर पिवळा दिवा लागलेला आहे का, हेही विचारा, आणि तारीख कुणाला सांगता आली नाही तर त्याच सभेत ठराव मांडून तो इतिवृत्तात लिहून घ्या.